मांजरांच्या पिसवा, गोचीड, कानातले किडे : पावसाळ्यात घरी काय करायचं आणि काय अजिबात नाही

ओटीवरची_मनी (धागा सुरू करणारी)

जून सरत आला की पुण्यात मांजर असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मनी रात्रभर खाजवते, शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत, घरातल्या माणसांच्या घोट्यांभोवती लाल पुरळ उठलंय. पिसवा झाल्यात एवढं कळतं, पण पुढे जो तो सुचेल ते करतो, आणि मांजर पिसवांपेक्षा उपायानेच जास्त आजारी पडतं. म्हणून सगळं एका ठिकाणी.

आधी खात्री करा. उवांची बारीक दातांची फणी घ्या, धातूची मिळाली तर उत्तम. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, मग पोट आणि जांघा. फणी कातडीला टेकली पाहिजे, वरवर फिरवून काही हाती लागत नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर फणीत अडकलेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी माती असेल तर ठिपका काळाच राहतो. पिसवांची विष्ठा असेल तर ठिपक्याभोवती विटकरी कडं पसरतं, पानावरच्या कातासारखं. ते मांजरीचंच पचलेलं रक्त असतं. जिवंत पिसू एकही दिसली नाही तरी हे कडं पुरेसा पुरावा आहे, कारण मांजर चाटता चाटता बऱ्याच पिसवा गिळून टाकते.

फणीत जिवंत पिसू आली तर नखाने चिरडत बसू नका, ती निसटते. शेजारी वाडग्यात कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब ठेवा, फणी त्यात बुडवा. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि पिसू तळाला जाते. नुसत्या पाण्यावर ती तरंगते आणि उडी मारून पसार होते.

आता मुख्य मुद्दा. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या घरातल्या एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश या रूपात तुमच्या गादीत, सोफ्यात, फरशीच्या सांध्यांत असतात. मादी पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर २४ ते ४८ तासांत अंडी घालायला लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. अंडी चिकट नसतात. मिठाच्या बारीक कणासारखी असतात आणि मांजर जिथे लोळेल, उडी मारेल, तिथे गळतात. म्हणून नुसतं मांजरीवर औषध टाकणं हे अर्धंच काम.

पावसाळ्यातच का? अळ्यांना दमट हवा लागते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की त्या सुकून मरतात, ३५ अंशांच्या वर तापलेल्या जागीही टिकत नाहीत. पुण्याचा एप्रिल-मे त्यांना मानवत नाही, उघड्यावरच्या सगळ्या संपतात, पलंगाखालच्या थोड्या तग धरतात. पहिला पाऊस पडला की अंड्यापासून पिसूपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. जुलैच्या मध्यावर तक्रारी वाढतात त्या याच हिशेबाने.

---

रास्ता_पेठ_रात्रपाळी

औषधांबद्दल माझ्याकडून. घटक वाचून घ्या, डब्यावरचं मांजरीचं चित्र बघून नको.

फिप्रोनिल, मानेवर टाकायची ट्यूब : मांजरीसाठीची ट्यूब ०.५ मिलीची असते. आठ आठवड्यांच्या आणि एक किलोच्या पुढच्या मांजरांना. त्यात एस-मेथोप्रीन असेल तर ती घ्या, तेवढ्याने अंडी-अळ्यांची वाढही थांबते. पिसवा आणि गोचीड दोन्हींवर चालते, कानातल्या किड्यांसाठी तिच्यावर विसंबू नका.

सेलामेक्टिन : अडीच किलोपर्यंत १५ मिग्रॅची ट्यूब, २.६ ते ७.५ किलोपर्यंत ४५ मिग्रॅची. आठ आठवड्यांपुढे. पिसवा, कानातले किडे आणि पोटातले गोल जंत एकाच औषधात जातात. मांजरीच्या गोचिडांवर मात्र भरवसा नको. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला डॉक्टर बहुतेक वेळा हेच देतात.

इमिडाक्लोप्रिड अधिक मॉक्सिडेक्टिन : ४ किलोपर्यंत ०.४ मिली, ४ ते ८ किलो ०.८ मिली. नऊ आठवड्यांपुढे. पिसवा, कानातले किडे, जंत यांवर चांगलं, गोचिडांवर नाही. हे चाटलं जाणार नाही याची जास्त काळजी घ्या.

वजन अंदाजाने धरू नका. बोका कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलच्या डब्यात बसवा.

टाकायची जागा : कवटी संपते तिथे, मानेच्या वरच्या टोकाला. दोन खांद्यांच्या मध्ये टाकलं तर लवचीक मांजराची जीभ तिथवर पोचते. केस दोन्ही अंगठ्यांनी फाकवा, पांढरी कातडी दिसली पाहिजे, ट्यूबचं टोक कातडीला टेकवून एकदम पिळा. केसांवर सांडलेलं औषध वाया जातं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. घरात दोन मांजरं असतील तर जागा सुकेपर्यंत वेगळ्या खोल्यांत, नाहीतर एक दुसरीला चाटते.

चाटलंच तर तोंडाला फेस येतो, लाळ गळते. बहुतेक वेळा ती कडू चवीची प्रतिक्रिया असते. पाणी किंवा ओलं खाणं द्या, दहा-पंधरा मिनिटांत थांबते. थांबली नाही, मांजर थरथरायला किंवा झोकांड्या द्यायला लागलं, तर ते चवीचं नाही, लगेच दवाखाना.

---

पर्वती_पायथा

कुत्र्याची ट्यूब अर्धी करून मांजरीला टाकली तर चालते का? दुकानदार तसं सांगतात.

---

रास्ता_पेठ_रात्रपाळी

नाही. या धाग्यातलं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी हे राहू दे. कुत्र्यांच्या बऱ्याच ट्यूबांत परमेथ्रिन असतं, कधी एकटं, कधी फिप्रोनिलबरोबर. माणूस आणि कुत्रा यांचं यकृत ते फोडून बाहेर टाकतं, मांजरीच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फार तोकडी असते. औषध शरीरात साचतं आणि नसांवर चढतं. अर्धी काय, पाव ट्यूबही जीव घेऊ शकते. ज्या कुत्र्याला ते टाकलंय त्याच्या अंगाला घासून झोपणाऱ्या मांजरीलाही विषबाधा होते, म्हणून घरात दोन्ही असतील तर कुत्र्यालाही परमेथ्रिन नसलेलंच औषध आणा.

शेतीच्या आणि जनावरांच्या दुकानांत गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझच्या बाटल्या मिळतात. पाण्यात थेंब टाकून मांजर पुसायला सांगितलं जातं. दोन्ही नको, कितीही पातळ केलं तरी.

चुकून टाकलं गेलंच असेल तर खुणा काही तासांत दिसतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. आधी कान आणि चेहऱ्याची कातडी फडफडते, मग अंगाला थरकाप, मोठ्या बाहुल्या, लाळ, झोकांड्या, आणि शेवटी फिट्स. मांजर शुद्धीत असेल आणि फिट येत नसेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने औषध लागलेली जागा धुवा. गरम पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि औषध आणखी आत जातं. टॉवेलने कोरडं करा, उबेत गुंडाळा, औषधाचं रिकामं पाकीट बरोबर घ्या आणि डॉक्टरांना फोन करत करतच निघा. उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. फिट येत असेल तर धुण्यात एक मिनिटही घालवू नका.

---

निंबोळी

रासायनिक औषधांऐवजी कडुनिंबाचं तेल, कापूर, लसूण असे साधे उपायही सांगा ना. आजीच्या काळी हेच होतं.

---

ओटीवरची_मनी

निंबोळीताई, हेतू चांगला आहे, पण यातल्या प्रत्येकाचं मांजरीच्या बाबतीत काय होतं ते सांगते. गाई-बैलांना जे लावलं जायचं ते मांजरीला चालत नाही, कारण मांजर अंगावरचा प्रत्येक थेंब चाटून पोटात घेते.

कडुनिंबाचं तेल : चोपडलं की लाळ, थरथर, सुस्ती. मांजरांत विषबाधा झालेली नोंदवली गेली आहे. पाला उकळून गार केलेल्या पाण्याने पिसू मरत नाही, मांजर फक्त भिजते.
कापूर आणि डांबराच्या गोळ्या : दोन्ही विषारी. गादीखाली डांबरगोळ्या ठेवायची सवय असेल तर मांजर असलेल्या घरात ती सोडा.
टी ट्री, निलगिरी, सिट्रोनेलाचं तेल : परमेथ्रिनसारखंच, यकृताला झेपत नाही.
लसूण, कांदा : खाऊ घातल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. पिसवांनी रक्त प्यायलेल्या मांजरीला वर लसूण म्हणजे दुहेरी नुकसान.
रॉकेल : कातडी भाजते, वास छातीत गेला तर न्यूमोनिया.
फिनाईल : फरशीवरून पंजाला लागतं, पंजा चाटला जातो. पांढरं-काळं कुठलंही नको.

आजीच्या काळची एक गोष्ट खरंच उपयोगी आहे, ती म्हणजे फणी. दिवसातून दोन वेळा पाच-पाच मिनिटं. कुठल्याही वयाच्या, कुठल्याही आजाराच्या मांजराला चालते.

---

कर्वेरोड_कट्टा

ट्यूब टाकून आठ दिवस झाले, पिसवा आधीपेक्षा जास्त दिसतायत. औषध बनावट असेल का?

---

गोधडी_आणि_ऊन

बनावट असू शकतं, पाकिटावर लॉट नंबर आणि मुदत तपासा, ऑनलाइन सुट्या ट्यूबा घेऊ नका. पण दहातल्या नऊ घरांत कारण कोशांचं असतं, म्हणून ते नीट समजून घ्या.

अळी शेवटी रेशमी चिकट कोश विणते. त्याला धूळ, केस, वाळूचे कण चिकटतात, त्यामुळे तो गाद्यांच्या कचऱ्यात ओळखूच येत नाही. कुठलाही फवारा त्या कोशात शिरत नाही. आतली तयार पिसू भक्ष्य जवळ येईपर्यंत थांबते, परिस्थिती चांगली असेल तर पाच-सहा महिनेसुद्धा. पावलांची धडधड, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की काही सेकंदांत बाहेर येऊन उडी मारते.

तुम्ही औषध टाकलेल्या दिवशी घरात आधीच तयार असलेले कोश पुढचे तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, फुटत राहतात. प्रत्येक नवी पिसू मांजरीवर चढते, औषधाने एक-दोन दिवसांत मरते. मरताना ती अस्वस्थ होऊन केसांच्या वर येते, म्हणून जास्त दिसतात. औषध काम करत असल्याचीच ती खूण आहे. खरी कसोटी म्हणजे फणीतला काळा कचरा आठवड्यागणिक कमी होतोय का.

या टप्प्यावर लोक घाबरून दहाव्या दिवशी दुसरी ट्यूब टाकतात, वर एखादी पावडरही मारतात. करू नका. ठरलेल्या दिवशी, चार आठवड्यांनी दुसरी. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला त्याच दिवशी, निदान तीन महिने सलग. एक जरी सुटलं तरी त्याच्यावर अंडी चालू राहतात.

आता घराचं. हाच भाग सगळे टाळतात, म्हणून लांबण लावतो.

पहिले दोन आठवडे रोज व्हॅक्यूम. सोफ्याची शिवण, दिवाणाखालचा कोपरा, कपाटाखाली, मांजर रोज झोपते त्या जागेच्या भोवती दोन हात. अळ्या उजेडापासून पळतात, म्हणून मधली मोकळी फरशी नाही तर कडा-कोपरे महत्त्वाचे. व्हॅक्यूमच्या धडधडीने कोश फुटतात, तेही आपल्या फायद्याचं, कारण बाहेर आलेली पिसू औषध लावलेल्या मांजरीवर मरते. पिशवीतला कचरा लगेच प्लास्टिकमध्ये बांधून सोसायटीच्या डब्यात, घरातल्या टोपलीत नको. व्हॅक्यूम नसेल तर कोरडा झाडू मारू नका, अंडी उडून पसरतात. ओल्या फडक्याने कोपऱ्यातून बाहेर ओढत आणा आणि फडकं उकळत्या पाण्यात टाका.

जुन्या वाड्यांत शहाबादी फरशीचे सांधे उघडे असतात. टाचणीने खरवडून बघा, तिथे राखाडी भुगा निघतो, त्यात अळ्यांचं खाणं म्हणजे तीच सुकलेली रक्ताची विष्ठा असते. सांधे ब्रशने साफ करून व्हाइट सिमेंट भरून टाका. एकदाचं काम, पण दर पावसाळ्याला उपयोगी.

गोधडी मांजरींना फार आवडते आणि पिसवांनाही. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, मध्ये ऊब, धाग्यांच्या रांगांमध्ये खाचा. एक रांग बोटांनी ताणून बघितली तर पांढरी अंडी आणि काळी विष्ठा शेजारी शेजारी दिसतात, मीठ-मिरी सांडल्यासारखी. ६० अंशांवर धुवायला हवी. मशीनमध्ये मावत नसेल तर मोठ्या पिंपात उकळतं पाणी ओतून तासभर बुडवा. उन्हाळ्यात मग गच्चीवर दुपारभर टाका. जुलैत ऊन नाही, तेव्हा पंख्याखाली सुकवून दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री, शिवणीवर दोनदा. सगळ्या अंथरुणांचं हे आठवड्याला एकदा, एक महिना. रंगीत गोधडीचा रंग जाईल, तो जाऊ दे.

---

मांजरवाडा

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणाऱ्यांसाठी. फोनवरच सांगा, घरात मांजर आहे आणि पिसवांसाठी पाहिजे. झुरळांची जेल पिसवांवर काही करत नाही. विचारायचा प्रश्न एकच : फवाऱ्यात पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन आहे का? हे अळीला पिसू होऊ देत नाहीत, म्हणून परिणाम महिनोन्‌महिने टिकतो. नुसतं कीटकनाशक आजच्या पिसवा मारतं, उद्याच्या नाही.

पायरेथ्रॉइडचा, म्हणजे परमेथ्रिनच्या जातीच्या कीटकनाशकाचा फवारा ओला असेपर्यंत मांजरीला घातक. मांजर घराबाहेर, पूर्ण सुकल्यावर खिडक्या उघडून हवा खेळली की मगच आत. मांजरीची भांडी, मातीचा ट्रे आधीच बाहेर काढा. माशांची टाकी असेल तर झाका आणि पंप बंद करा, मासे याने लगेच मरतात. आणि फवारणीनंतर लगेच फरशी पुसू नका, कडा तर आठवडाभर नाहीच.

डायटोमाइट पावडरीबद्दल नेहमी विचारलं जातं. कोरड्या हवेत ती अळ्यांना सुकवते. पुण्याच्या पावसाळ्यात ती ओलावा धरते आणि निकामी होते, वर मांजर आणि माणूस दोघांच्या फुप्फुसात जाते. बोरिक पावडर चाटली गेली तर विषारी. दोन्ही सोडा.

---

तुळशीबाग_गल्ली

साडेतीन आठवड्यांची तीन पिल्लं, आई नाही, अंगावर पिसवा चालताना दिसतायत. वजन प्रत्येकी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. काय करता येईल?

---

रास्ता_पेठ_रात्रपाळी

आधी हिरड्या बघा. ओठ वर करून. गुलाबी असतील तर घरी करता येईल. पांढऱ्या, कागदासारख्या असतील, किंवा पिल्लू गार, सुस्त, बाटली नाकारणारं असेल तर आत्ताच डॉक्टर. एवढ्याशा अंगातलं रक्त पिसवा दोन-चार दिवसांत संपवतात. तिथे रक्त द्यावं लागू शकतं.

गुलाबी असतील तर :

एका वेळी एकच पिल्लू. खोली उबदार, पंखा बंद, टॉवेल आधीच गरम करून ठेवा. ३८ अंशांचं पाणी, मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार लागेल असं. पहिल्यांदा मानेभोवती साबणाच्या फेसाचं कडं करा, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरे. हे कडं विसरलं तर पाणी लागताच सगळ्या पिसवा डोळे-नाक-कानाकडे धावतात आणि तिथे साबण नेता येत नाही. मग मानेखालचं अंग, तीन मिनिटांच्या वर नाही. धुवून लगेच टॉवेल, मग पूर्ण कोरडं होईपर्यंत हातात. ओलं पिल्लू गारठून मरतं, हा धोका पिसवांपेक्षा मोठा आहे. चेहऱ्यावरच्या फणीने आणि चिमट्याने काढा.

साबणाचा परिणाम त्या क्षणापुरताच. अंथरूण त्याच वेळी बदललं नाही तर संध्याकाळी पुन्हा तेच. खोक्यात जुना टॉवेल घाला, रोज बदला, रोज उकळा. दिवसातून दोनदा फणी.

फिप्रोनिलचा ०.२५ टक्के स्प्रे दोन दिवसांच्या पिल्लांनाही लेबलप्रमाणे चालतो, पण प्रमाण किलोला ३ ते ६ मिली. १०० मिलीच्या बाटलीचा एक पंप अर्धा मिली असतो, म्हणजे ३५० ग्रॅमच्या पिल्लाला दोन ते चार पंप, बस. थेट फवारू नका. हातमोज्यावर पंप मारून मोजा आणि अंगाला उलट्या दिशेने चोळा, तोंड वगळून. स्प्रे अल्कोहोलमध्ये असतो, उडताना अंग गार करतो, म्हणून इथेही ऊब हवीच. आणि सुकेपर्यंत जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको, अल्कोहोल पेट घेतं. एवढ्या लहान वयात डॉक्टरांना विचारूनच करा असं माझं मत आहे, साबण आणि फणीने बहुतेक वेळा भागतं.

---

पर्वती_पायथा

मोठ्या मांजराला हाच स्प्रे किती?

---

रास्ता_पेठ_रात्रपाळी

तोच हिशेब. ३ किलोच्या आखूड केसांच्या मांजराला छोट्या बाटलीचे १८-२० पंप, लांब केसांना ३० पर्यंत. २५० मिलीच्या बाटलीचा पंप दीड मिलीचा असतो, तिथे सहा-सात पंपांत काम होतं. बाटली बदलली आणि पंप तेवढेच मारले की तिप्पट डोस जातो, ही चूक फार होते. मांजरांना फवाऱ्याच्या फुस्स आवाजाने भीती वाटते, त्यामुळे मोठ्यांना ट्यूबच बरी.

---

ओटीवरची_मनी

पिसवांबरोबर जंतांचंही बघा. पिसूच्या पोटात पट्टकृमीची अळी असते. मांजरीने ती पिसू गिळली की आतड्यात जंत वाढतो. गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, ताजे असताना हलणारे तुकडे दिसतात. औषध प्राझिक्वांटेल, वजनाप्रमाणे, डॉक्टर देतील. वर सांगितलेल्या सेलामेक्टिनने हा जंत जात नाही. पिसवांचा बंदोबस्त न करता गोळी दिली तर तीन आठवड्यांत दाणे पुन्हा दिसतात आणि लोक गोळीला दोष देतात.

---

कर्वेरोड_कट्टा

कान हलवतंय, आत काळं साठलंय. हेही पिसवांचंच का?

---

मांजरवाडा

वेगळा किडा. चहाच्या चोथ्यासारखा कोरडा, काळपट-तपकिरी मळ आणि दोन्ही कानांना खाज असेल तर बहुधा कानातले माइट्स. मळाचा कण काळ्या कागदावर टॉर्चखाली भिंगातून बघा, पांढरे ठिपके सरकताना दिसतात. मळ ओलसर, तेलकट आणि वासाचा असेल तर बुरशी किंवा जिवाणू, औषध वेगळं.

सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनची मानेवरची ट्यूब कानातल्या किड्यांवरही चालते, कानात काही घालावं लागत नाही. किड्याचा फेरा तीन आठवड्यांचा, म्हणून महिन्याने दुसरी ट्यूब चुकवू नका. घरातल्या सगळ्या मांजरांना एकदम.

मळ काढायचा असेल तर प्राण्यांचं इअर क्लीनर कोमट करा, बाटली दोन मिनिटं मुठीत धरा. कान भरेल इतकं घाला, कानाच्या मुळाशी बाहेरून अर्धा मिनिट चोळा, चळचळ आवाज आला पाहिजे. मग सोडा, मांजर स्वतः झटकेल. बाहेर आलेलं कापसाने पुसा. काडी घालू नका, मळ आत ठोकला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, गरम तेल काही नाही. मान एका बाजूला कलली असेल किंवा चालताना तोल जात असेल तर पडदा फाटलेला असू शकतो, कानात थेंबही टाकू नका. कानाची पाळी अचानक पोळीसारखी फुगली तर खाजवून आत रक्त साठलंय, तेही दवाखान्याचं काम.

---

निंबोळी

आमच्या पार्किंगमधल्या बोक्याच्या कानाच्या कडेला आणि कपाळावर राखाडी खपल्या आल्यात. लूत म्हणायची का गजकर्ण?

---

मांजरवाडा

कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळ, डोळ्यांभोवती जाड खपली आणि खाज असह्य, तर लूत. गोल गोल केस गेलेले चट्टे, खाज कमी, कडा खवलेदार, तर गजकर्ण. नुसत्या डोळ्यांनी कधी कधी डॉक्टरही चुकतात, खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

लुतीवर सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन चालतं. आयव्हरमेक्टिनचं जनावरांचं इंजेक्शन कोणी "एक टिपका" म्हणून द्यायला आलं तर देऊ देऊ नका, ते इतकं तीव्र असतं की पिल्लांत डोस सहज दसपट होतो आणि डोळे जाणं, कोमा इथवर जातं. बोक्याला हातमोजे घालूनच हाताळा. माणसाच्या मनगटावर, पोटावर खाजरे लाल ठिपके येतात, मांजर बरं झालं की तेही जातात. गजकर्ण मात्र माणसाला रीतसर लागतं आणि औषध लागतं.

---

पर्वती_पायथा

गोचीड ओढून काढली तर डोकं आत राहतं म्हणतात.

---

ओटीवरची_मनी

पिरगाळून किंवा पोट दाबून काढली तर राहतं. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. तेल, काडीपेटी, रॉकेल लावू नका. गोचीड गुदमरताना पोटातलं परत जखमेत ओकते. काढलेली सर्जिकल स्पिरिटच्या बाटलीत, बोटाने चिरडायची नाही. सोंड राहिलीच तर कोरत बसू नका, जागा स्वच्छ ठेवा, कातडी स्वतः बाहेर ढकलते. मांजरीत जागा ठरलेल्या : कानाच्या मागे, हनुवटीखाली, बोटांच्या बेचक्यात.

---

तुळशीबाग_गल्ली

गणपतीत पंधरा-वीस दिवस घर बंद राहणार, मांजर बोर्डिंगला. परत आल्यावर पिसवा नसतील ना?

---

गोधडी_आणि_ऊन

उलट जास्त असतील. घर बंद असताना कोश थांबून राहतात, दार उघडून पहिली पावलं पडली की एकदम फुटतात. पायांवर एकाच वेळी पंचवीस-तीस चढतात त्या याच.

जाण्याआधी अंथरुणं धुवून कोरडी बांधून ठेवा, व्हॅक्यूम करा. परत आल्यावर मांजर आणण्याआधी गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्यांत दहा मिनिटं जोरात चाला. मोज्यावर किती काळे ठिपके चढतात त्यावरून कुठली खोली वाईट आहे ते कळतं. मोजे तसेच उकळत्या पाण्यात. त्याच दिवशी दोनदा व्हॅक्यूम, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्री वाईट खोलीत जमिनीवर साबणाच्या पाण्याची ताटली आणि तिच्यावर वीतभर उंचीवर छोटा दिवा लावून ठेवा, सकाळी ताटलीतल्या मोजा. त्याने पिसवा संपत नाहीत, पण रोजचा आकडा उतरतोय का ते दिसतं.

मांजरीची महिन्याची ट्यूब बोर्डिंगमधून आणण्याच्या दोन दिवस आधी पडेल अशी तारीख लावा. तिथे दुसऱ्याला टाकायला लावणार असाल तर मानेची जागा फोटो काढून दाखवा आणि ट्यूब तुमच्याकडचीच द्या.